सुपरव्हिजनच्या रजिस्टरात काय लिहू नये

प्रश्न विचारणाऱ्या सिस्टर १२० खाटांच्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूच्या इन्चार्ज आहेत. बढती मिळून सहा महिने झालेत. मान्यतेची तपासणी तोंडावर आली तेव्हा व्यवस्थापनानं सांगितलं, दर महिन्याला नर्सेसचं क्लिनिकल सुपरव्हिजन घ्या आणि रजिस्टर ठेवा. त्यांनी बैठका घेतल्या. पहिल्या दोन बैठकांत कुणी तोंड उघडलं नाही. तिसऱ्या वेळी एक मुलगी बोलली. रात्रपाळीत एका रुग्णाचं औषध दोन तास उशिरा दिलं गेलं, ते तिच्या मनाला लागून राहिलं होतं. चौथ्या दिवशी तिच्या हातात मेमो पडला. मेमो या सिस्टरांनी दिलेला नव्हता, पण आता सगळ्याजणी त्यांच्याकडेच संशयानं बघतात. त्यांनी विचारलंय, "यांना बोलतं कसं करू?"

सिस्टर, बोलतं करण्याची अडचण तुमच्याकडे आहे असं मला वाटत नाही. एक मुलगी बोलली होती की! ती बोलली आणि तिला मेमो मिळाला, हे बाकीच्या आठ जणींनी पाहिलं. आता त्या गप्प आहेत, यात मला त्यांचा शहाणपणाच दिसतो. मी त्यांच्या जागी असते तर मीही गप्प बसले असते. तेव्हा आधी पाहायचं ते हे, की तिनं खोलीत सांगितलेली गोष्ट मेट्रन मॅडमच्या टेबलापर्यंत गेली कशी. उत्तर तुमच्याच प्रश्नात दडलंय. तुम्ही लिहिलंय, "मी रजिस्टर नीट ठेवते, प्रत्येकीचं बोलणं थोडक्यात लिहिते." ते रजिस्टर कुणाच्या कपाटात असतं?

माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली. अकरा वर्षं जिल्हा रुग्णालयात अधिपरिचारिका होते. मग नऊ वर्षं इंग्लंडमध्ये मेडिसिनच्या वॉर्डात काम केलं, सुपरव्हायजरचं प्रशिक्षण तिथेच घेतलं. परत आल्यावर तीन-चार रुग्णालयांत नर्सेसचे असे गट घेते. तुमची चूक मीही केलेली आहे, ती पुढे सांगते.

घोटाळ्याचं मूळ त्या शब्दातच आहे. आपल्याकडे सुपरव्हिजन म्हटलं की राउंड डोळ्यांसमोर येतो. मेट्रन मॅडम आल्या, बेडशीटचे कोपरे पाहिले, क्रॅश कार्टचं (तातडीच्या औषधांच्या गाडीचं) कुलूप पाहिलं, ट्रेवरून बोट फिरवलं, "हे काय?" म्हणाल्या. ती देखरेख, आणि ती हवीच. क्लिनिकल सुपरव्हिजन हा वेगळा प्रकार आहे. कामातला एखादा प्रसंग घेऊन जाणत्या माणसासोबत बसायचं आणि तो उलगडून बघायचा. ब्रिटनच्या आरोग्य खात्यानं १९९३ साली नर्सिंगच्या धोरणात हा शब्द आणला, तेव्हा तिथल्या नर्सेसनाही तो आवडला नव्हता. त्यांनाही वाटलं, आणखी एक डोळा मागे लागला.

हे कशासाठी करायचं, याची सोपी फोड ब्रिजिड प्रॉक्टर यांनी ऐंशीच्या दशकात केली. त्या समुपदेशनाच्या क्षेत्रातल्या. त्यांनी तीन हेतू सांगितले: नॉर्मेटिव्ह, फॉर्मेटिव्ह, रिस्टोरेटिव्ह. वॉर्डाच्या भाषेत सांगायचं तर काम नियमाला धरून होतंय ना ते बघणं, त्यातून शिकणं, आणि मनावर साचलेलं उतरवणं. आपल्याकडे पहिलं चोवीस तास चालतं, दुसरं सीएनईच्या, म्हणजे नोकरीतल्या नर्सेसच्या प्रशिक्षणाच्या, लेक्चरमध्ये उरकतं, तिसऱ्यासाठी चेंजिंग रूम आहे. तिथे रडायचं, तोंड धुवायचं आणि ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून सूत्रं, घ्यायला जायचं.

आता इंग्लंडमधली एक गोष्ट जरा तपशिलात सांगते, कारण तुमचा मेमो तिच्यात सापडतो. तिथे १९०२ साली मिडवाइफचा, म्हणजे प्रशिक्षित सुईणींचा, कायदा झाला आणि तेव्हापासून मिडवाइफवर कायद्यानं देखरेख आली. सुरुवातीला ती सरळसरळ तपासणी होती. पुढे तिला आधाराचं रूप आलं. प्रत्येक मिडवाइफला एक सुपरव्हायजर ठरवून दिलेली असे. वर्षातून एकदा भेटून कामाचा आढावा घ्यायचा, अडचण आली की तिला फोन करायचा. ऐकायला छान आहे. पण बाळंतपणात काही बिघडलं की चौकशीही त्या सुपरव्हायजर मंडळींनीच करायची. ज्यांनी पाठीवर हात ठेवायचा, त्यांनीच जबाब घ्यायचा! त्यात दोन्ही बाजूंचं नुकसान झालं. मिडवाइफ मोकळेपणानं बोलेनात, आणि चौकशीही धड होईना. मोरकॅम बे भागातल्या एका रुग्णालयात बाळं दगावली. त्या कुटुंबांच्या तक्रारी तिथल्या संसदेच्या लोकपालांकडे गेल्या. त्यांनी डिसेंबर २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलं, आधार आणि चौकशी या दोन गोष्टी वेगळ्या करा. ३१ मार्च २०१७ ला ती कायदेशीर पद्धत बंद झाली. जी व्यवस्था मोडायला शंभरावर वर्षं लागली, ती आपण नव्यानं उभी करू नये एवढंच माझं म्हणणं आहे.

त्याजागी इंग्लंडनं मिडवाइफसाठी चौकशीचे अधिकार नसलेली प्रशिक्षित सहकारी नेमण्याची पद्धत आणली. कोविडची मोठी लाट ओसरताना, मार्च २०२१ मध्ये, तीच पद्धत नर्सेसनाही लागू केली. तिला प्रोफेशनल नर्स ॲडव्होकेट म्हणतात. ॲडव्होकेट म्हणजे वकील नव्हे हो, बाजूनं उभी राहणारी.

यावरून माझा एकच हट्ट तयार झालाय आणि तो मी कुठल्याही रुग्णालयात सोडत नाही. जिच्या हातात मेमो, सीआर (वार्षिक गोपनीय अहवाल), ड्युटी लिस्ट किंवा रजा असेल, तिनं त्या नर्सेसचं सुपरव्हिजन घ्यायचं नाही. म्हणजे सिस्टर, तुम्ही तुमच्या आयसीयूचा गट घेऊ नये. तुम्ही कितीही प्रेमळ असा. तुमच्याकडे दिवाळीची सुट्टी मागायची आहे, तर तुमच्यासमोर "मला त्या रात्री झोप लागली होती" असं कोण म्हणेल?

मग कोणी घ्यायचा? इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. तुमचं रुग्णालय मध्यम आकाराचं आहे, म्हणून सोपा उपाय अदलाबदलीचा. तुम्ही ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) नर्सेसचा गट घ्या, डायलिसिसच्या इन्चार्जनं तुमच्या आयसीयूचा घ्यावा, ओटीच्या इन्चार्जनं डायलिसिसचा. कुणाच्याही हातात स्वतःच्या गटाची रजा नाही. नर्सिंग कॉलेज जोडलेलं असेल तर ट्यूटर चालतात, पण त्याच मुली उद्या तिच्याकडे परीक्षेला बसणार असतील तर नको. समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ मिळाला तर मन मोकळं करायला फार उपयोग होतो, मात्र त्यांना व्हेंटिलेटरचा अलार्म आणि मॉनिटरचा अलार्म यातला फरक माहीत नसतो. त्यामुळे काम शिकण्याची बाजू लंगडी राहते. वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये यातलं काहीच जमत नाही. तिथे शेजारच्या दोन-तीन नर्सिंग होम्सनी मिळून गट करावा.

आता "म्हणजे काय करायचं" हे दिसावं म्हणून एक प्रसंग सांगते. रुग्णालयाचं नाव नको, आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदललाय. मेडिसिन वॉर्ड, पाच जणींचा गट. नोकरीचं दुसरं वर्ष असलेली एक मुलगी म्हणाली, "माझ्याकडून इन्सुलिन जास्त गेलं." डोस १६ युनिटचा. पहाटे चारला रुग्ण घामाघूम, साखर ४६. पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज दिलं, रुग्ण सावरला. इन्सिडेंट फॉर्म, म्हणजे घटनेची लेखी नोंद, त्याच दिवशी भरला गेला होता आणि तिला बोलणीही खाऊन झाली होती. तिचं वाक्य संपायच्या आत दोन सीनियर सिस्टर म्हणाल्या, "कुपी वाचायला नको का?"

मी त्यांना थांबवलं. माझ्या गटात पहिली दहा मिनिटं सल्ला द्यायला बंदी असते, फक्त प्रश्न विचारायचे. हा नियम आपल्याला फार जड जातो, कारण समोरची बोलू लागली की "तू असं करायला हवं होतंस" हे आपल्या जिभेवरच असतं. मी विचारलं, "त्या रात्री ट्रे कसा होता, ते डोळ्यांसमोर आणून सांग." ती डोळे मिटून सांगू लागली. किडनी ट्रेमध्ये दोन प्रकारच्या इन्सुलिन सिरिंज होत्या, काही लाल टोपीच्या, काही नारिंगी. नारिंगी संपत आल्या होत्या, स्टोअरला इंडेंट (मागणीपत्र) गेलं होतं पण माल आला नव्हता, म्हणून मावशींनी शेजारच्या वॉर्डातून पाकीट आणलं. ते लाल टोपीचं.

लाल टोपीची सिरिंज एका मिलिलिटरला ४० युनिटच्या इन्सुलिनसाठी, नारिंगी १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. कुपी होती १०० ची. त्या मुलीनं लाल सिरिंजमध्ये १६ च्या रेघेपर्यंत ओढलं. म्हणजे ०.४ मिलिलिटर, म्हणजे १६ च्या जागी ४० युनिट गेले. मी कागदावर गणित मांडलं तेव्हा खोलीत शांतता झाली. मग मघाशी "कुपी वाचायला नको का" म्हणणाऱ्या दोघींपैकी एक हळूच म्हणाली, "माझं उलटं झालं असणार. ४० ची कुपी आणि नारिंगी सिरिंज. १६ च्या रेघेला साडेसहासुद्धा गेले नसतील. रुग्णाची साखर दोन दिवस उतरेना, आम्ही डाएटला दोष देत होतो."

कमी गेलेलं इन्सुलिन कुणाला कळलं नाही, म्हणून मेमोही आला नाही. जास्त गेलेलं कळलं आणि एका मुलीवर शिक्का बसला. चूक एकच, सापळाही एकच. हे राउंडमध्ये कधी बाहेर आलं असतं का?

शेवटची दहा मिनिटं मी एक प्रश्न विचारते, "यातलं बाहेर काय जायचं?" गटानं ठरवलं, एकच ओळ: या वॉर्डात एकाच शक्तीचं इन्सुलिन आणि एकाच प्रकारच्या सिरिंज ठेवाव्यात. ती ओळ मेट्रन मॅडमना गेली, नाव न घेता, त्या मुलीला विचारून. आठवड्याभरात वॉर्डातून ४० च्या कुपी गेल्या. मुलगी कशी रडली, कोण काय बोललं, ते खोलीतच राहिलं. हे दोन मार्ग वेगळे ठेवायचे. घटना घडली तर इन्सिडेंट फॉर्म भरायचाच, सुपरव्हिजन हा त्याला पर्याय नाही आणि त्यात लपायचंही नाही.

आता माझी चूक. परत आल्यावरच्या पहिल्याच गटानंतर मेट्रन मॅडमनी चहाला बोलावलं, "कसं झालं?" मी नाव न घेता एक किस्सा सांगितला. मला वाटलं, नाव नाही ना घेतलं. नऊ नर्सेसच्या युनिटमध्ये "एकीची नाईटला बाळंतपणानंतरची पहिलीच ड्युटी होती" एवढं पुरतं. दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या कानावर गोष्ट परत आली आणि पुढच्या महिन्यात ती आली नाही. उरलेल्या आल्या, पण सहा महिने हवापाण्याच्या गप्पा झाल्या. तेव्हापासून मेट्रन मॅडमनी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे, "पाचजणी आल्या, पंचेचाळीस मिनिटं बसलो, पुढची तारीख अमुक." पहिल्यांदा त्यांना राग येतो. नंतर सवय होते.

म्हणून तुमच्या रजिस्टरात इतकंच असू द्या: तारीख, सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, हजर असलेल्यांच्या सह्या, पुढची तारीख. फार तर एका शब्दात विषय, जसं "औषधं" किंवा "नातेवाइकांशी संवाद". रुग्णाचं नाव, खाट क्रमांक, कोण काय बोललं, काही नाही. तपासणीला आलेल्यांनी मला यापेक्षा जास्त कधी मागितलेलं नाही. इंग्लंडमध्ये नोंदणी टिकवायला दर तीन वर्षांनी पाच लेखी चिंतनं लागतात, आणि त्यातही रुग्णाची किंवा सहकाऱ्याची ओळख पटेल असं काही लिहायला परवानगी नाही. कुणाला स्वतःसाठी लिहून ठेवायचं असेल तर तिनं तिच्या वहीत लिहावं आणि वही घरी न्यावी.

गुप्तता पूर्ण नसते, हेही पहिल्याच दिवशी तोंडानं सांगा. आत्ता एखाद्या रुग्णाला धोका आहे, बोलणारीच्याच जिवाला धोका आहे, किंवा कायद्यानं कळवणं भाग आहे, अशा वेळी मी गप्प बसू शकत नाही. लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराबाबत २०१२ चा पॉक्सो कायदा तसं बंधनच घालतो. हे आधी सांगितलं की विश्वास कमी होत नाही, उलट मुलींना कळतं की या बाईंना आपण काय करतोय ते ठाऊक आहे.

वेळेचं म्हणाल तर मी दुपारी दोनच्या ओव्हरनंतरची वेळ धरते. सकाळची आणि दुपारची पाळी थोडा वेळ एकत्र असते. पाच-सहा जणी, पंचेचाळीस मिनिटं ते तास, चार ते सहा आठवड्यांतून एकदा. आणि ड्युटीत धरलेला वेळ, हे लिहून घ्या. "ड्युटी संपल्यावर थांबा" म्हणाल तर मुलाला पाळणाघरातून आणायचं असलेली बाई घड्याळाकडेच बघणार. ब्रिटनमध्ये सुपरव्हिजन शिकवताना कोळसा खाणीचा दाखला देतात. खाणीतून वर आल्यावर अंगावरची काजळी धुवायचा वेळ कामाच्याच तासांत धरा, म्हणून तिथले कामगार भांडले होते. व्यवस्थापनाशी बोलताना मी हा दाखला वापरते. सगळ्यांना पटतो असं नाही, पण अकाउंट्सवाल्यांना हसू तरी येतं.

खोलीत गेल्यावर "कुणाला काही प्रॉब्लेम आहे का?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "नाही मॅडम" हेच असतं. मी विचारते, "गेल्या महिन्यात घरी गेल्यावरही मनात राहिलेला एक रुग्ण कोण?" नर्सला प्रॉब्लेम आठवत नाही, रुग्ण आठवतो. पहिल्या वेळी मी माझाच एक जुना प्रसंग सांगते आणि तो खराखुरा लाजिरवाणा असतो, सजवलेला नाही. गाडी डॉक्टरांच्या तक्रारीवर घसरतेच. दहा मिनिटं घसरू द्या, मग विचारा, "ते काय बोलले ते कळलं. त्या क्षणी तू काय केलंस?" कुणी रडलं तर पाणी पुढे करा आणि गप्प राहा. विषय बदलायची घाई रडणारीला नसते, आपल्याला असते.

एक गोष्ट मात्र सुपरव्हिजननं होणार नाही आणि ती व्यवस्थापनाला तुम्ही स्पष्ट सांगायला हवी. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांत आयसीयूला एका रुग्णामागे एक नर्स आहे. तुमच्याकडे रात्री एका नर्सकडे चार व्हेंटिलेटर असतील, तर औषध दोन तास उशिरा का गेलं यावर चिंतन करायला बसवणं हा त्या मुलीचा अपमान आहे. माझ्या एका गटात सलग तीन महिने तोच विषय आला, नाईटला माणसं नाहीत. चौथ्या महिन्यात मी बैठक रद्द केली आणि गटाच्या संमतीनं एक पत्र वर पाठवलं. तणाव उतरवायच्या नावाखाली रिकाम्या जागा झाकायला माझा उपयोग कुणी करू नये.

आणखी एक. गट नीट चालू लागला की सुरुवातीला इन्सिडेंट फॉर्म वाढतात. चुका तितक्याच असतात, लपणाऱ्या कमी होतात. व्यवस्थापनाला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या महिन्यात आकडे बघून ते घाबरतील आणि तुमची बैठक बंद पाडतील.

आता तुम्ही उद्या काय करायचं. पुढची बैठक घेऊ नका, महिनाभर थांबा. त्या मुलीला एकटीला भेटा आणि सांगा, "रजिस्टरात मी लिहिलं होतं, ते माझं चुकलं." "मेमो मी दिला नाही" इथून सुरुवात करू नका, ते तिला माहीत आहे. मग मेट्रन मॅडमकडे जा. मेमो मागे घ्यावा ही विनंती लेखी करा, कारण लिहा की ही माहिती सुपरव्हिजनमधून आली होती. औषध उशिरा जाण्याची चौकशी त्यांना करायचीच असेल तर ती इन्सिडेंट फॉर्मवरून वेगळी करावी, पाळीत त्या रात्री किती जणी होत्या या प्रश्नापासून. रजिस्टरातली ती पानं मात्र फाडू नका, नंतर तेच अंगाशी येतं. रजिस्टर बंद करून नवं सुरू करा. ओटीच्या इन्चार्जशी अदलाबदलीचं बोलून ठेवा.

मेमो मागे घेतला गेला की नाही, तेवढं कळवा. घेतला नाही, तर गट कसा सुरू करायचा हे सांगण्यात सध्या अर्थ नाही. मग आधी मेट्रन मॅडमशी काय बोलायचं ते बघू.